लिंबू शोधता शोधता

कॉलेजसाठी संशोधनाचा पेपर लिहायला घेतला तेव्हा प्रश्न माझ्याकडे तयार होता, आणि खरं सांगायचं तर उत्तरही तयारच होतं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, दात हलायला लागायचे, कधीच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि माणसं मरायची. १७४७ साली ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड नावाच्या सर्जनने सॅलिस्बरी जहाजावर बारा आजारी खलाशी घेतले, त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि ज्या दोघांना संत्री-लिंबू मिळालं ते बरे झाले. १७५३ ला त्याचं पुस्तक छापून आलं, आणि नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायचा ठरवला तो १७९५ ला. म्हणजे बेचाळीस वर्षं. लिंड स्वतः १७९४ ला गेला, एक वर्ष आधी. माझा प्रश्न असा की एवढं लख्ख उत्तर समोर असताना नौदलाने त्याचं ऐकलं का नाही, आणि माझं उत्तर असं की वरच्या अधिकाऱ्यांना साध्या खलाशांच्या जिवाची किंमत नव्हती. मला ते मनापासून पटलेलं होतं, राग पण येत होता.

पहिला ड्राफ्ट सरांना दाखवला. त्यांनी लिंडच्या प्रयोगाच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तू कुठे वाचलंस? मी पुस्तकाचं नाव सांगितलं. मग त्या लेखकाने कुठे वाचलं? ते मला माहीत नव्हतं. म्हणजे तिथे खाली दुसऱ्या एका पुस्तकाचं नाव होतं, पण ते मी उघडलेलं नव्हतं. मग सर म्हणाले, "तू अजून लिंडपर्यंत पोचलेलीच नाहीयेस. आधी जाऊन ये, मग त्यांच्यावर रागाव."

लायब्ररीत मी त्याआधी काही कमी जात नव्हते, पण जायचे ते बसायला. शांत जागा, टेबल, चार्जिंग पॉइंट. परीक्षेच्या आधी नेमलेली पुस्तकं घ्यायची आणि परत करायची, एवढंच. आतल्या रॅकमध्ये, जिथे दिवा आपल्याला लावायला लागतो आणि जुन्या कागदाचा तो गोडसर-कुबट वास असतो तिथे, मी दोन वर्षांत फार तर तीनदा गेले असेन.

कॅटलॉगच्या कॉम्प्युटरवर स्कर्व्ही टाइप केलं तर दोन पुस्तकं आली, त्यातलं एक कुणीतरी नेलेलं. मी काउंटरवर मॅडमना जाऊन म्हटलं की आपल्याकडे यावर काही नाहीये. त्या म्हणाल्या, "असं कसं, बस इथे. तुझा विषय सांगू नकोस, तुला नेमकं काय ठरवायचंय ते सांग." विषय आणि ठरवायची गोष्ट या दोन वेगळ्या असतात हेच मला तोवर सुचलं नव्हतं. मी सगळी हकिगत सांगितली, नौदल, लिंड, लिंबू, बेचाळीस वर्षं. त्या ऐकत ऐकत एका कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहीत गेल्या, ६१६, ६१३.२, ३५९, ६१०.९, आणि चिटोरा माझ्या हातात दिला. ६१६ म्हणजे रोग, तिथे स्कर्व्ही रोग म्हणून मिळेल. ६१३.२ म्हणजे आहार. ३५९ म्हणजे नौदल, तिथे जहाजावर माणसं काय खायची आणि कोण हुकूम द्यायचं ते मिळेल. ६१०.९ म्हणजे वैद्यकाचा इतिहास. तुझा विषय एका कपाटात राहत नाही, त्या म्हणाल्या, चार कपाटांत राहतो, आणि त्यातली तीन या टोकाला आहेत न्‌ एक त्या टोकाला.

पुस्तकांच्या पाठीवरचे हे आकडे मी इतकी वर्षं बघत होते, पण ते म्हणजे रोल नंबरासारखं काहीतरी असणार असं धरून चालले होते. ही दशांश पद्धत मेल्विल ड्यूईने १८७६ साली काढली. सगळं ज्ञान शून्य ते नऊ अशा दहा खणांत घालायचं, प्रत्येक खणाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, आणि तरीही बारकावा हवा असेल तर टिंब देऊन पुढे आकडे वाढवत न्यायचे. त्यामुळे नवीन पुस्तक आलं तरी त्याला आपल्या भावंडांच्या शेजारी जागा मिळते, सगळं कपाट हलवायला लागत नाही. कल्पना फार सुंदर आहे. पण एक पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, त्याला कुठलातरी एकच मुख्य विषय द्यावा लागतो, आणि माझ्यासारखा प्रश्न मग चार ठिकाणी विखुरतो. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ ला ग्रंथपाल झाले, आणि त्यांनी १९३३ ला आणलेली कोलन पद्धत याच दुखण्यावरचा इलाज होती, विषयाचे वेगवेगळे पैलू सुटे करून विरामचिन्हांनी जोडायचे. ग्रंथालयाचे पाच नियम त्यांनी १९३१ ला मांडले, त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मॅडमच्या त्या चिटोऱ्याने माझा किती वेळ वाचला ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

या विखुरण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, मला ती तेव्हापासून फार आवडते. १९८६ साली डॉन स्वॉन्सन नावाच्या माहितीशास्त्राच्या प्राध्यापकाने एक लेख लिहिला. थंडीत ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा कमी होऊन ती पांढरी पडतात त्या रेनॉ आजारावरचे संशोधन-लेख एकीकडे, आणि माशांच्या तेलाचा रक्तावर काय परिणाम होतो यावरचे लेख दुसरीकडे. दोन्ही छापलेले, दोन्ही लायब्ररीत उपलब्ध, पण एका ढिगातले लोक दुसऱ्या ढिगाचा उल्लेखच करत नव्हते. त्याने दोन्ही ढीग शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाला की या तेलाचा या आजारावर उपयोग व्हायला हवा. नंतर झालेल्या चाचणीत काही रुग्णांना खरंच फायदा दिसला. प्रयोगशाळा नाही, पेशंट नाही, फक्त एकमेकांशी न बोलणारे कागद एका टेबलावर आणले. मला वाटतं पेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, कारण आपल्याला असं वाटत असतं की नवीन काही म्हणायचं तर नवीन काहीतरी सापडायला हवं.

तर मी चिटोरा घेऊन निघाले. ६१६ ला हवं होतं ते पुस्तक जागेवर नव्हतं पण त्याच्या डाव्या बाजूचं होतं, जे कॅटलॉगमध्ये मला कधीच दिसलं नसतं कारण त्याच्या नावात स्कर्व्ही शब्दच नव्हता, ते एकूणच जीवनसत्त्वांच्या अभावाने होणाऱ्या रोगांचं होतं आणि त्यात एक अख्खं प्रकरण माझं होतं. रॅकवर हे असं होतं. स्क्रीनवर आपण जे मागतो तेच येतं, पण रॅकवर त्याचे शेजारीपाजारीही भेटतात. मी तिथेच जमिनीवर बसून पुस्तकाच्या मागची सूची बघायला शिकले, आधी सूची, मग तळटीपा, मग ते प्रकरण, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. उभ्याने दहा मिनिटांत कळतं पुस्तक घरी न्यायचं का नाही ते.

डेटाबेसमध्ये शोधायचं कसं हे मात्र मॅडमनी दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून शिकवलं, आणि तिथे मी अडकले ती एका लिंबावर. मी लेमन टाकून शोधत होते. निम्मे लेख येतच नव्हते. मग एका लेखात वाचलं की जुन्या नौदलाच्या कागदपत्रांमध्ये लेमन आणि लाइम हे दोन शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरलेत, लाइमचा रस लिहिलंय पण पिंपात लेमनचा आहे. आपल्याला मराठीत दोन्हीला लिंबूच म्हणायची सवय, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलंच नव्हतं, पण या एका शब्दाच्या घोळाने पुढे माणसं आजारी पडलीत. १८६० नंतरच्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधून लाइम आणायला सुरुवात केली, नाव तेच, फळ वेगळं, आणि ज्याच्या अभावाने स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व त्यात बरंच कमी. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत लोकांना पुन्हा स्कर्व्ही झाला, तेव्हा लोकांना वाटायला लागलं की लिंबाचा उपाय मुळातच खोटा होता का काय. म्हणजे सापडलेलं उत्तर हरवलं! ते नीट परत मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं, १९०७ ला होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगवर केलेले प्रयोग आणि नंतर सेंट-ग्यॉर्गीचं क जीवनसत्त्वावरचं काम, ज्याचं नोबेल १९३७ ला. मी सर्च बॉक्समध्ये दोन्ही शब्द मध्ये 'ऑर' घालून टाकले आणि यादी दुप्पट झाली. जॉर्ज बूलने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या तर्काच्या या अँड, ऑर, नॉट वर अजूनही सगळे डेटाबेस चालतात. अँडने यादी आक्रसते, ऑरने पसरते, आणि नॉट जपून वापरायचं कारण त्याने हवं असलेलंही निघून जातं.

एवढं सगळं होऊनही लिंड अजून भेटला नव्हता. मी जे जे वाचत होते ते सगळं लिंडबद्दल होतं. मूळ पुस्तकाची १९५३ साली दोनशे वर्षं पूर्ण झाली म्हणून निघालेली एक आवृत्ती आहे, ती आमच्याकडे नव्हती. मॅडमनी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायचा फॉर्म भरून घेतला. अशी देवाणघेवाण असते, आपल्याकडे नसलेलं पुस्तक आपल्या लायब्ररीच्या शब्दावर दुसरी लायब्ररी देते, हे मला माहीतच नव्हतं आणि माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तक यायला अठरा दिवस लागले. मधल्या काळात मी खूपदा विचार केला की जाऊ दे, एवढं काय, सगळे तेच तर सांगतायत. आता वाटतं बरं झालं गेले नाही कंटाळून. जुन्या पुस्तकांचे स्कॅन ऑनलाइनही मिळतात, पुढे मी पहिल्या आवृत्तीचं एक स्कॅनही बघितलं, आणि घरबसल्या रात्री दोनला ते बघता येतं याचं मला खरंच अप्रूप आहे. कागद चांगला आणि स्क्रीन वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मुद्दा मूळ उघडण्याचा आहे, कशावर का असेना.

तर ते आलं आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर उघडून बसले. मूळ पुस्तक चारशेहून जास्त पानांचं आहे. मी प्रयोग शोधायला लागले. पहिलं प्रकरण, नाही. दुसरं, नाही. जुनी इंग्रजी, लांबच लांब वाक्यं. आणि मग मध्येच कुठेतरी, काही गाजावाजा न करता, तो येतो. २० मे १७४७, बारा रुग्ण, कुणाला रोज सायडर म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, कुणाला सल्फ्युरिक आम्लाचं पातळ औषध, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला लसूण-मोहरी वगैरेचं चाटण, आणि दोघांना रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत संत्री-लिंबू संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर जाण्याइतका बरा झाला होता. मोजून चार-पाच पानं. आणि पुढे लिंड परत आपल्या सिद्धान्ताकडे वळतो, जो असा की स्कर्व्हीचं मुख्य कारण दमट हवा, त्याने घामाची रंध्रं बंद होतात आणि शरीरातली घाण आत राहते. संत्री-लिंबांचा गुण सगळ्यात लवकर आणि उघड दिसला हे तो स्वच्छ लिहितो, ते त्याचं श्रेय आहेच. पण हा रोग या फळांतलं काहीतरी न मिळाल्यानेच होतो असं तो म्हणत नाही, म्हणूच शकत नव्हता, आहारातल्या एखाद्या सूक्ष्म घटकाच्या अभावाने रोग होतो ही कल्पनाच अजून दीडशे वर्षं लांब होती. आणि जहाजावर फळं टिकत नाहीत म्हणून तो काय सुचवतो, तर रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून पाक करून बाटल्यांत भरा. हा पाक वर्षानुवर्षं टिकेल असं त्याला वाटत होतं. आज आपल्याला माहिती आहे की अशा तापवण्याने क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. म्हणजे त्याने सांगितलेला उपाय त्याने सांगितलेल्या पद्धतीने करून बघणाऱ्याला गुण आला नसता.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बाहेर बघत बसले. तीन आठवडे ज्या अधिकाऱ्यांवर मी रागावले होते ते माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला की त्यांच्या टेबलावर हे पुस्तक आलं असतं तर त्यांनी नेमकं काय ऐकायचं होतं? कुठल्या पानावरचं?

मग मी उलट्या दिशेने निघाले. तळटीपांवरून मागे जाता येतं, पण पुढे जायचं असेल, म्हणजे एखादा लेख छापल्यावर पुढे त्याचा आधार कुणीकुणी घेतला हे बघायचं असेल, तर त्यासाठी युजीन गारफील्डने १९६४ पासून सायटेशन इंडेक्स छापायला घेतला, आता डेटाबेसमध्ये 'साइटेड बाय' वर क्लिक केलं की तेच होतं. एका जुन्या लेखावरून असं पुढे पुढे येत मला ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकची बाजू मिळाली. त्याच्या दुसऱ्या सफरीत स्कर्व्हीने जवळपास कुणी दगावलं नाही म्हणून १७७६ ला रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं, आणि त्याने श्रेय दिलं ते मुख्यतः माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या काढ्याला, ज्यात या रोगाला लागू पडणारं काही नाही. लिंबू महाग होतं, माल्ट स्वस्त आणि टिकाऊ, आणि शब्द कुकसारख्या माणसाचा. नौदल ऐकत नव्हतं असं नाहीच, ते चुकीच्या माणसाचं मन लावून ऐकत होतं. १७९५ ला शेवटी गोष्ट हलली ती गिल्बर्ट ब्लेनमुळे, जो डॉक्टर होता आणि वरच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती. निष्काळजीपणाचा भाग होताच, तो मी पेपरमधून काढलेला नाही, पण आता तो एकटा उभा नाहीये.

एक चूक मात्र झाली आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले. सुरुवातीच्या आठवड्यात मी वहीत भराभर उतरवून घेत होते, वाक्यं चांगली वाटली की लिहिली, पण पान नंबर नाही, काही ठिकाणी पुस्तकाचं नावही नाही. पेपर लिहिताना एक फार चांगलं वाक्य समोर आलं आणि ते लेखकाचं होतं का माझं होतं तेच मला सांगता येईना. चोरी अशीही होते, मनात काही नसताना. मी ती सगळी पुस्तकं पुन्हा काढली आणि वाक्य सापडेपर्यंत चाळली, सापडलं, माझं नव्हतं. तेव्हापासून वहीचं पान उघडलं की आधी लेखक, नाव, वर्ष, कॉल नंबर म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा तो आकडा, आणि प्रत्येक टिपणाच्या डावीकडे पान. दुसऱ्याचे शब्द निळ्या पेनाने, माझे काळ्या. लेख असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे लेखाला कायमचा दिलेला ओळख-क्रमांक, कारण वेबचे पत्ते बदलतात, डीओआय बदलत नाही.

त्याच आठवड्यात वर्गातली एक मैत्रीण चॅटबॉटने काढून दिलेली संदर्भांची यादी घेऊन काउंटरवर आली होती. नावं भारदस्त, नियतकालिकं खरी, वर्षं नीट. मॅडमनी एकेक डीओआय टाकून बघितला. त्यातले दोन लेख जगात कुठेच नव्हते. तिचा चेहरा पडला, मला तिचं फार वाईट वाटलं, पण तिला बोलावं असं मला काही वाटलं नाही. माझ्या पहिल्या ड्राफ्टमधले संदर्भ अस्तित्वात होते एवढाच फरक, मी त्यांच्याकडे तरी कुठे गेले होते. तळटीप म्हणजे मी तिथे जाऊन, बघून आलेय असा शब्द देणं असतं, आणि तो मी न जाताच दिला होता.

पेपरचं नाव बदललं. आधी होतं 'नौदलाने लिंडचं का ऐकलं नाही', आता आहे 'लिंडने नेमकं काय सांगितलं होतं'. सरांनी वाचून फक्त सातव्या तळटीपेवर टिकमार्क केली, जिथे पूर्वी 'अमुकच्या पुस्तकात उद्धृत' असं होतं आणि आता थेट लिंड आणि पान नंबर आहे. मागवलेलं पुस्तक मी मुदतीच्या एक दिवस आधी परत केलं, मॅडमनी ते खाकी कागदात नीट बांधून पुढे पाठवलं. ब्लेनवरचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. ते परवा द्यायचंय, आणि त्याच्या मागच्या सूचीतल्या तीन नोंदी मी वहीत उतरवून ठेवल्यात, तिन्ही त्या टोकाच्या कपाटातल्या आहेत.